टकळी कोणाची चालते?

टकळी या शब्दाला आज दोनच क्रियापदे उरली आहेत : चालू होणे आणि बंद करणे. ‘झाली हिची टकळी चालू’ आणि ‘टकळी बंद कर आता’. या दोन वाक्यांपलीकडे हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही. सूत कातायची टकळी ज्यांनी कधी हातात धरली नाही अशी पिढी आता चाळिशीला आली आहे. त्यांच्या लेखी टकळी म्हणजे बडबड. ती एक वस्तूही होती हे त्यांना सांगावे लागते. मूळ अर्थ विझावा आणि लाक्षणिक अर्थ तेवढा जिवंत राहावा, यात नवल नाही. शब्दांचे असेच होत आले आहे. प्रश्न आहे तो या लाक्षणिक अर्थाच्या व्याख्येचा. शाळेतली वाक्प्रचारांची यादी उघडा, परीक्षेची मार्गदर्शके उघडा. टकळी, वटवट, चऱ्हाट, गुऱ्हाळ, दळण, पाल्हाळ या सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने एकच अर्थ छापलेला असतो : निरर्थक किंवा कंटाळवाणी बडबड. माझा आक्षेप या ‘निरर्थक’ला आहे. त्यात ऐकणाऱ्याचा निकाल आहे, आणि तो निकाल तपासून न पाहता अर्थ म्हणून पुढे चालवला गेला आहे.

आधी वस्तू पाहू. टकळी म्हणजे वीतभर लांबीची बारीक काडी. पितळेची, लोखंडाची किंवा बांबूची. खालच्या टोकाजवळ एक चकती, वरच्या टोकाला आकडा किंवा खाच. डाव्या हातात कापसाचा पेळू धरायचा, उजव्या हाताच्या चिमटीने काडीला गिरकी द्यायची आणि ती फिरत असताना डावा हात हळूहळू वर न्यायचा. पेळूतून तंतू सुटतो, त्याला पीळ बसतो. हात आणखी वर जाईनासा झाला की थांबायचे, तयार झालेला धागा काडीभोवती गुंडाळायचा, पुन्हा आकड्यात अडकवायचा आणि पुन्हा गिरकी. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योगाचे जे शिक्षण पुढे आले, त्याचे शेवटचे अवशेष आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत १९७०च्या दशकाच्या अखेरीलाही शिल्लक होते. आठवड्यातून एक तास सूतकताईचा असे. माझा धागा दर हातभरावर तुटे, तो भाग वेगळा. पण टकळी कशी चालते हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

ज्याने टकळी चालवली आहे त्याला वाक्प्रचारातली गंमत लगेच कळते. टकळीला आवाज नसतो. चरख्याला घरघर असते, जात्याला असते, रहाटाला कुरकुर असते. टकळी मुकी फिरते. सामूहिक सूतकताई मौन पाळून करण्याचा प्रघात तर अनेक ठिकाणी होता. दुसरे म्हणजे टकळी अखंड चालत नाही. तिची प्रत्येक गिरकी संपते, आणि धागा गुंडाळण्यासाठी कातणारीला थांबावेच लागते. तिसरे, टकळीतून सूत निघते. म्हणजे आवाज करणारी, न थांबणारी, काहीही हाती न लागणारी बडबड, या अर्थाला साजेसे एकही लक्षण या अवजारात नाही. मग ही उपमा आली कुठून?

मला तिचे उत्तर अवजारापेक्षा अवजार धरणाऱ्या माणसात दिसते. टकळीने दोन्ही हात आणि निम्मे डोळे गुंतून पडतात. तोंड मात्र मोकळे राहते. हात बांधलेले आणि तोंड मोकळे अशी कामे ज्यांच्या वाट्याला आली, ती माणसे कामाबरोबर बोलतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन गोष्टी एकदम चालू दिसतात, काडी आणि जीभ. त्यातली एक दुसरीचे नाव घेते. मेंढरांच्या मागे चालता चालता लोकर कातणारा धनगरही टकळीच फिरवतो. पण तो एकटा असतो, माळावर असतो, आणि त्याचे बोलणे ऐकायला मेंढरांशिवाय कोणी नसते. टकळी लागली ती ओसरीवर, माजघरात, चार जणींत बसून कातणाऱ्या बाईला.

आता या शब्दाच्या कुळाकडे जरा वळू, कारण तिथे एक मौजेची जोडी सापडते. टकळी आली संस्कृत तर्कु, तर्कुटी या शब्दांवरून. हिंदीतले तकली, तकुआ हे तिचेच भाऊबंद. यास्काने निरुक्ताच्या दुसऱ्या अध्यायात शब्दातली आद्य आणि अंत्य अक्षरे उलटापालट होण्याची उदाहरणे दिली आहेत. ती मोजकी चार आहेत, आणि त्यांत रज्जु आणि तर्कु हे दोन्ही शब्द आहेत. दोरी आणि टकळी, एकाच यादीत! तर्कु हा कृत् म्हणजे कातणे या धातूपासून अक्षरांची अदलाबदल होऊन झाला, असे त्याचे म्हणणे. अलीकडच्या भाषाशास्त्रज्ञांना ही अदलाबदल मान्य नाही. ते तर्कुची सांगड पिळणे, फिरवणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी घालतात, आणि लॅटिनमधले पिळण्याचे क्रियापदही त्याच घरातले मानतात. काही कोशकारांनी ‘तर्क’ हा शब्दसुद्धा याच मुळाशी नेऊन बांधला आहे : मनात गोष्ट फिरवून पाहणे म्हणजे तर्क. हे नाते खरे मानले तर नैयायिकाचा तर्क आणि आजीची टकळी एका काडीवरच्या ठरतात. एकाला शास्त्र म्हणतात, दुसरीला ‘बंद कर’ म्हणतात.

मराठीने वायफळ बोलण्यासाठी जे शब्द उचलले त्यांतले बरेच असे कामावरचे आहेत, हे एकदा लक्षात आले की यादी वाढतच जाते. चऱ्हाट म्हणजे जाड दोर. अंबाडीचा, तागाचा, घायपाताचा वाख घेऊन तो वळायचा. वळणारा जसजसा पीळ भरत जातो तसतसा मागे मागे सरकत जातो, दोर लांबत जातो. म्हणून लांबण लावणे म्हणजे चऱ्हाट वळणे. दोर वळणे हे बारा बलुतेदारांच्या गावगाड्यात मांगांचे काम होते. कासरा, नाडा, दावे, सोल हे सगळे त्यांच्या हातचे. त्या चऱ्हाटावाचून मोट चालत नव्हती की गाडीवरचा कडबा बांधला जात नव्हता. ज्या दोराने अख्ख्या गावाचे पाणी वर ओढले, तो भाषेत मात्र कंटाळ्याची खूण होऊन बसला. वळणाऱ्याला विचारून ही उपमा कोणी केलेली दिसत नाही. तिच्यात पडवीत बसून दोर तयार व्हायची वाट बघणाऱ्याचा वैताग आहे.

गुऱ्हाळाची गोष्ट थोडी निराळी. चुलवाण पेटलेले, काहिलीत रस उकळतो आहे, गुळव्या मळी काढतो आहे, आणि आजूबाजूला रात्रभर माणसे बसलेली. कोल्हापूरकडच्या माणसाला हे चित्र नव्याने सांगायला नको. दिवाळी उलटली की गुऱ्हाळे सुरू होत आणि थंडीत गावातली निम्मी चर्चा तिथेच होई. गुऱ्हाळावर गेलेला माणूस रस पिऊन, काकवी घेऊन, गावच्या बातम्या ऐकून परत येई. म्हणून ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ हा प्रयोग मला मुळातच अर्धवट वाटतो. गुऱ्हाळातून गूळ निघतो. भाषेलाही ते कळत होते. म्हणूनच तिने ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ असा स्वतंत्र प्रयोग केला : उसाच्या जागी एरंड घातला तर चरक फिरेल, माणसे घामाघूम होतील, रस निघणार नाही. इथे फरक बरोबर पकडला आहे. पुढे बोलणाऱ्यांनी एरंड गाळला आणि नुसत्या गुऱ्हाळालाच दूषण लावले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आता सरसकट तसेच असते.

पण सर्वांत मोठा अन्याय दळणावर झाला आहे. ‘तेच तेच दळण दळू नकोस’, ‘काय रोजचं दळण लावलंयस’. दळण म्हणजे पुनरावृत्ती, दळण म्हणजे नावीन्याचा अभाव. आता जात्यावर प्रत्यक्षात काय चालत होते ते पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांच्या मदतीने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या ओव्यांत भाऊ आहे, माहेर आहे, सीता आहे, पंढरीची वाट आहे, नवऱ्याचा मार आहे, आंबेडकर आहेत. खानदेशात बहिणाबाई चौधरींनी घरकाम आणि शेतकाम करता करता जे रचले, ते त्यांच्या मुलाने आणि आप्ताने टिपून ठेवले होते म्हणून हाती राहिले, आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर आले. जात्याभोवती मराठीतली एवढी मोठी मौखिक रचना झाली, आणि त्याच मराठीने दळण हा शब्द नावीन्यशून्यतेला वाहिला. असे का व्हावे? भिंतीपलीकडे अंथरुणात पडलेल्या माणसाला पहाटे जे ऐकू येई ती दगडाची घरघर होती आणि एकाच चालीवर जाणारा आवाज. शब्द त्याच्यापर्यंत पोचत नसत, किंवा पोचले तरी तो जागा नसे. दळणाचा लाक्षणिक अर्थ त्या अंथरुणातून घडला आहे. जात्याच्या खुंट्याला हात लावलेल्या बाईने तो घडवला असता तर ‘दळण’ला मराठीत कदाचित मनमोकळेपणाचा अर्थ आला असता.

इथे कोणी म्हणेल, की लाक्षणिक अर्थांवर असा खटला चालवता येत नाही. मान्य आहे. पण त्या अर्थांचे व्याकरण तपासता येते, आणि तेच मला अधिक बोलके वाटते. वायफळ बोलण्यासाठीच्या शब्दांना कोणती क्रियापदे लागतात ती बघा. गप्पा मारतात, हाणतात, छाटतात, ठोकतात, झोडतात. बाता मारतात. थापा मारतात. चकाट्या पिटतात. ही सगळी सकर्मक क्रियापदे आहेत आणि हात उगारणारी आहेत. त्यांत कर्ता आहे, त्याची इच्छा आहे, त्याची मजाही आहे. आता टकळी बघा. टकळी चालू होते, चालू असते, थांबते. कोणी ती ‘मारत’ नाही. वटवट सुरू होते. भुणभुण लागते. किरकिर चालू राहते. ‘तिने टकळी चालवली’ असे आपण म्हणत नाही. ‘तिची टकळी चालू झाली’ म्हणतो, जसा पंखा चालू होतो किंवा नळ गळू लागतो. बोलणारी व्यक्ती वाक्यातल्या कर्त्याच्या जागेवरून उठून षष्ठीत जाऊन बसते. पारावर बसलेले चार पुरुष गप्पा हाणतात आणि विहिरीवरच्या चार बायकांची वटवट चालते. विषय दोन्हीकडे तोच असू शकतो, पाऊस आणि शेजारी.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. ‘तोंडाचा पट्टा’ही आपोआप सुटतो, पण त्यात दांडपट्ट्याचा धाक आहे, ऐकणारा घाबरलेला असतो. टकळीला कोणी घाबरत नाही. ‘बडबड’ हा या घराण्यातला त्यातल्या त्यात मायाळू शब्द. तो लहान मुलांना चालतो, बडबडगीत हा तर साहित्यप्रकारच झाला, आणि ‘मी जरा जास्तच बडबड केली’ असे स्वतःबद्दल कोणीही म्हणू शकतो. हीच कसोटी इतर शब्दांना लावून पाहावी. ‘मी गप्पा मारल्या’, ‘मी थापा मारल्या’, अगदी ‘मी पाल्हाळ लावलं, माफ करा’ हे सहज जमते. ‘माझी टकळी चालू होती’ हे वाक्य मी बायकांच्याच तोंडून ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी त्यामागे कोणाचा तरी आधीचा शेरा होता. ती बाई दुसऱ्याचे मत उसने घेऊन बोलत होती. पुरुषाच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलेले नाही. पुढाऱ्यांसाठी अलीकडे ‘वाचाळवीर’ हा शब्द चालतो. निंदा करतानाही त्यांना वीर म्हणायला आपण विसरलेलो नाही.

बाष्कळ या शब्दाबद्दल लोक मला नेहमी विचारतात. बाष्कल हे ऋग्वेदाच्या एका शाखेचे नाव, आणि मराठीत बाष्कळ म्हणजे पोरकट, असंबद्ध बोलणे. दोहोंना जोडणाऱ्या सुरस कथा सांगितल्या जातात. त्या कथाच आहेत. त्यांना पुरावा म्हणावे असे मला त्यांत काही दिसले नाही. पुढे जाऊ.

‘निरर्थक’ या शब्दाची जबाबदारी आपल्याकडच्या शास्त्राने फार काळजीपूर्वक घेतली होती, हे मात्र मुद्दाम सांगायला हवे. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकात बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत, म्हणजे वादात हार ठरवणाऱ्या जागा. त्यांत निरर्थक ही एक आहे, पण तिची व्याप्ती अगदी अरुंद आहे : ज्यात अर्थवाही शब्दच नाहीत, नुसती अक्षरे ओळीने म्हटली आहेत, ते निरर्थक. शब्द सगळे अर्थाचे, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, त्याला वेगळे नाव आहे, अपार्थक. दहा डाळिंबे, सहा अपूप असे एकापुढे एक ठेवून काही वाक्य होत नाही, हे पतंजलीच्या महाभाष्यातले उदाहरण तिथे भाष्यकार वात्स्यायनानेही वापरले आहे. तेच पुन्हा म्हणणे हे पुनरुक्त. लागतात त्याहून जास्त हेतू किंवा उदाहरणे देणे हे अधिक. आणि तीनदा सांगूनही सभेला व प्रतिवाद्याला जे कळत नाही, ते अविज्ञातार्थ. पाच निराळे दोष, पाच निराळी नावे.

ही चाळण घेऊन आपल्या शब्दांकडे परत यावे. बाष्कळ बोलणे अपार्थकाच्या जवळचे. दळण हे पुनरुक्त. चऱ्हाट हे अधिक. एरंडाच्या गुऱ्हाळाला, गंमत म्हणजे, न्यायात बरोबर जागा सापडत नाही. त्यात अर्थही आहे, मेळही आहे, निष्पत्ती तेवढी नाही. आणि खऱ्या अर्थाने निरर्थक म्हणावे असे यांतले एकही नाही. टकळी कुठे बसते? तिच्यात शब्दांना अर्थ असतो, वाक्यांना मेळ असतो, विषय बदलतो म्हणून पुनरुक्तीही नसते. टकळीला दोष ठरवणारे एकच लक्षण उरते : ऐकणाऱ्याला आत्ता ऐकायचे नाही. हा दोष बावीसांत नाही.

सांगोला ते पंढरपूर या एसटीच्या प्रवासात माझ्या पुढच्या बाकावर एक जोडपे होते. मी अशी बोलणी वहीत टिपते, ही माझी जुनी खोड. बाई बोलत होत्या आणि पुरुष खिडकीला डोके टेकून होते. बोलण्यात आलेल्या गोष्टी क्रमाने अशा : विहिरीवरची मोटार जळली, वायंडिंगवाल्याने सांगितलेला आकडा, दीर निम्मे पैसे देतो म्हणाला होता पण आता फोन उचलत नाही, धाकटीच्या दहावीच्या फॉर्मची शेवटची तारीख, सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन आणि त्यासाठी घरी कोण थांबणार, पुन्हा मोटार. ‘टकळी बंद कर की गं जरा,’ पुरुष म्हणाले. बाई गप्प झाल्या. वाटेतला एक थांबा गेला. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘मोटारीचं काय करायचं तेवढं सांगा, मंग न्हाई बोलत.’ घराचा सगळा जमाखर्च त्या बोलण्यात होता. त्यात निर्णय मागितलेला होता, आणि निर्णय द्यायचा नसेल तेव्हा ‘टकळी’ हा शब्द फार सोयीचा पडतो.

ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली एका निबंधात अशा बोलण्याचा पुरस्कार केला, म्हणून विद्यापीठातली मंडळी त्याचे नाव घेतात. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहून आलेल्या या माणसाने दाखवले, की खुशाली, हवापाणी, इकडचे तिकडचे यांत माहिती दिली-घेतली जात नाही. माणसे एकमेकांशी नाते सांभाळत असतात. आपल्याकडच्या ‘काय, झालं का जेवण?’ला हे चपखल लागू पडते. विचारणाऱ्याला जेवणाशी घेणेदेणे नसते आणि उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक असते. शिळोप्याच्या गप्पांचेही तेच. मालिनोव्स्कीचे हे उपकार मानूनही मला त्याचा सिद्धांत टकळीला लावणे धोक्याचे वाटते. ‘शब्दांना अर्थ नसला तरी सोबत असते’ अशी कनवाळू बाजू घेताना शब्दांना अर्थ नाही हे आपण मान्यच करून टाकतो. एसटीतल्या बाईंना सोबत नको होती. त्यांना मोटारीचे उत्तर हवे होते.

अविज्ञातार्थाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याच्याशी माझी गाठ ग्रंथाबाहेर पडली. वात्स्यायनाने या दोषाची कारणे सांगितली आहेत : शब्द दुहेरी अर्थाचे असतील, प्रचारातून गेलेले असतील, किंवा उच्चार फार भरभर झाला असेल. आणि एक अट घातली आहे, की बोलणाऱ्याने आपला दुबळेपणा झाकण्यासाठी हे केलेले असले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझी आत्या एका इस्पितळात शेवटचे दिवस काढत होती. तिच्या केसपेपरवर रात्रपाळीच्या कोणीतरी लिहिले होते, ‘असंबद्ध बडबड चालू’. मी रात्री तिच्याजवळ बसले तेव्हा ती भरभर म्हणत होती : पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. मग थोडा वेळ थांबायची, कोणाचे तरी नाव घ्यायची आणि पुन्हा पायलीपासून. ही धान्य मोजायची मापे आहेत, मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने, एकही जागा न चुकवता. मध्ये येणारी नावे गावच्या सुताराची, न्हाव्याची, कुंभाराची होती. ती खळ्यावर उभी राहून बलुते घालत होती.

दशमान मापांचा कायदा १९५६ सालचा. त्यानंतर शाळेत गेलेल्या कोणाला निळवे माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून त्या रात्रपाळीवाल्याला मी दोष देत नाही. पण त्याने लिहिलेला शब्द चुकीचा होता. आत्याचे बोलणे संबद्ध होते, शब्द अर्थाचे होते, प्रचारातून गेलेले मात्र होते. आणि तिला झाकण्यासारखे काही नव्हते. सभेला कळले नाही एवढ्यावरून हार बोलणाऱ्याची ठरवायची, हा वादसभेचा नियम आहे. तो इस्पितळाला लावू नये, आणि कोशालाही लावू नये. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कागदावर काही बदलले नाही. औषधही तेच चालू राहिले, ज्याने ती बहुतेक वेळ झोपून असे.

कोशांबद्दल एक गोष्ट इथे बोलून टाकते. १८३१ चा आणि मग १८५७ चा मोल्सवर्थ, त्याच्या हाताखालचे शास्त्री, १९३२ पासून खंडाखंडाने आलेला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. या कामांचे ऋण फेडता येणारे नाही. मी जे काही शिकले ते कॉलेजात नव्हे, या जाड खंडांच्या संगतीत शिकले. पण हे संपादक सगळे पुरुष होते, आणि शब्द टिपताना ते ओसरीच्या ज्या बाजूला बसले होते तिथे टकळी ‘ऐकू’ येत होती, चालवावी लागत नव्हती. अवजाराचा अर्थ त्यांनी वस्तू पाहून लिहिला. बोलण्याचा अर्थ त्या बाजूला जसा ऐकू आला तसा लिहिला गेला, आणि मागून आलेल्या यादीकारांनी तोही आखडून ‘निरर्थक’ करून टाकला.

म्हणून नव्या कोशासाठी मी माझ्यापुरती नोंद तयार केली आहे. ती अशी :

टकळी, स्त्री. (सं. तर्कु, तर्कुटी) १ हाताने फिरवून सूत किंवा लोकर कातण्याची काडी, खाली चकती, वर आकडा. २ (ऐकणाऱ्याच्या बाजूने) काम करता करता चाललेले, अनेक विषयांचे, लांबणारे बोलणे. बोलणारी बहुधा स्त्री किंवा लहान मूल. क्रियापदे : चालू होणे, चालू असणे, बंद करणे (आज्ञार्थी). निंदार्थी. स्वतःविषयी क्वचित, तेही दुसऱ्याच्या शब्दाची पुनरुक्ती म्हणून.

कोशाचे काम बघणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना ती दाखवली. कंसातला मजकूर जास्त होतो, असे ते म्हणाले. ‘ऐकणाऱ्याच्या बाजूने’ हे शब्द काढले तर बाकीची नोंद घेता येईल, अशी त्यांची सूचना आहे. मी अजून काढलेले नाहीत.